कापितानचे दोन ख्रिस्त

एउस्ताकियो मोराल्दे मनिलाच्या विधानसभेवर निवडून आला त्या दिवशी त्याच्या दारासान गावात बँड वाजला, अख्खी डुकरं भाजली गेली, आणि ज्यांना मत द्यायचा अधिकारच नव्हता तेच सगळ्यांत जास्त नाचले. त्याची बायको पेलाय तेवढी खाली आली नाही. ती वरच्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीपाशी बसून राहिली. नवऱ्यानं काय कबूल करून मतं मिळवलीत ते तिच्या कानावर आलं होतं, आणि ते कबूल करायचा त्याला काडीचा अधिकार नव्हता.

पेटीत सान्तो होता. मेलेला ख्रिस्त, माणसाएवढा, लाकडाचा. पेलायच्या आजोबांनी तो मनिलाच्या कारागिराकडून घडवून आणलेला. अशी मूर्ती चर्चची नसते, घराण्याची असते. वर्षभर ती घरात निजते. गुड फ्रायडेला घरच्या बायका तिला आंघोळ घालतात, अत्तर लावतात, ती गाड्यावर चढते आणि संध्याकाळी सगळं गाव मागून चालतं. आपला रुमाल मूर्तीला लावायचा, मग तो दुखऱ्या अंगावर ठेवायचा. सान्तो निघाला नाही तर त्या वर्षी गुड फ्रायडे झालाच नाही, असं दारासान धरून चालतं.

आणि त्या सान्तोच्या डोक्यावरचे केस आसेलाचे होते.

आसेला ही पेलायची एकुलती एक. जन्मतःच डाव्या कानशिलावर एक पांढरी बट घेऊन आलेली. बाकी सगळे केस काळेभोर, कमरेच्या खाली. अमेरिकनांशी लढाई चालू होती तेव्हा बंडवाल्यांना तांदूळ पुरवल्याच्या संशयावरून सैनिकांनी तिच्या बापाला, एउस्ताकियोला, उचलून नेलं. आसेला नवस बोलली: बाप परत येऊ दे, केस सान्तोला देईन. बाप परत आला, दाढी वाढलेला, बरगड्या निघालेला. पोरीनं खिदळत केस कापून दिले. "बरं झालं, आता विंचरताना आईच्या शिव्या नाहीत," म्हणाली.

पुढच्या वर्षी पटकी आली. सैनिकांनी घरं जाळली, मेलेल्यांना चटईत गुंडाळून चुन्याच्या खड्ड्यात टाकलं. ना जागरण, ना नऊ दिवसांच्या प्रार्थना, ना कबर. आसेला गेली तेव्हा तिचे नवे केस जेमतेम कानाखाली उतरले होते. तिचं म्हणून या पृथ्वीवर जे उरलं ते सान्तोच्या डोक्यावर उरलं.

गावाचं डोकं कसं चालतं पाहा. ती बट कुणाची हे सगळ्यांना ठाऊक होतं, कित्येकांनी ती पोरीच्या डोक्यावर पाहिली होती. तरी दोन-तीन वर्षांत बोलायला लागले, की आपली पटकी पाहून ख्रिस्ताचे केस पिकले. रुमाल नेमका त्या पांढऱ्या बटेला लावायचे. पेलाय कुणाला काही बोलली नाही. गुड फ्रायडेच्या सकाळी ती ते केस विंचरायची, आणि तेवढा वेळ खोलीत दुसरी बाई चालायची नाही.

आता नवऱ्याचं. घरचे त्याला ताकियो म्हणत आणि गाव कापितान म्हणे, कारण स्पेनच्या राज्यात तो एकदा गावचा मुख्य झाला होता. पद गेलं, मग स्पेनही गेला, नाव राहिलं. मुळात तो काही मोठ्या घरचा नव्हे. त्याचा बाप दुसऱ्याच्या जमिनीत अबाका सोलायचा. अबाका म्हणजे केळीची बहीण, पण फळ खायच्या लायकीचं नाही. सगळी किंमत सोपटातल्या वाखाला. सोपट सुरीखाली दाबून अंगाचा सगळा भार टाकून ओढायचं, की पांढरा वाख हातात येतो आणि खांद्याची वाट लागते. ताकियोचा उजवा खांदा लहानपणीच उतरला होता तो शेवटपर्यंत तसाच. विधानसभेतल्या फोटोतही तो एका बाजूनं खचलेला दिसतो, आणि मनिलाच्या लोकांना वाटायचं की फोटोवाल्यानं कॅमेरा तिरका धरला.

पेलायच्या वडिलांच्या वखारीत तो वाख पारखायला लागला, मग खरेदी बघायला लागला, मग जावई झाला. धंदा त्यानं वाढवला खरा. कसा वाढवला? नाही म्हणायचं नाही, एवढ्यावर. ज्याच्या घरी मूल झालं त्याच्या बाप्तिस्म्याला हा धर्मपिता म्हणून उभा. धर्मपिता झाला की मुलाच्या बापाचा कोम्पाद्रे झाला, आणि कोम्पाद्रेला सोडून दुसऱ्याला वाख घालणं म्हणजे भावाला सोडून परक्याकडे जाणं. दोन माल घालणारे भांडत आले तर हा दोघांना वेगवेगळं आत घ्यायचा, दोघांनाही तुझंच खरं म्हणायचा, आणि मग एकाच टेबलावर अळूची नारळातली भाजी आणि भात वाढायचा. जेवताना माणसं सहसा भांडत नाहीत. वीस वर्षं हे असं चाललं, आणि ताकियोची अशी समजूत झाली की जगातली सगळी भांडणं याच जातीची असतात.

मग चर्च फुटलं. निम्मं गाव रोमला धरून राहिलं आणि निम्म्यांनी आपल्याच देशी पाद्र्यांचं नवं चर्च काढलं, रोम नको, स्पॅनिश पाद्री नकोत म्हणून. आधी दगडी चर्च नव्यांनी बळकावलं. कोर्टानं ते रोमवाल्यांना परत दिलं. नवे बाहेर पडले आणि त्यांनी ओढ्याकाठी झावळ्यांचं एक चर्च उभं केलं. सख्खे भाऊ एकमेकांच्या मयताला जाईनात. अशात निवडणूक आली. मत कुणाला, तर जमीनवाल्यांना, पूर्वी पदावर असलेल्यांना आणि स्पॅनिश किंवा इंग्रजी लिहिता-वाचता येणाऱ्यांना. म्हणजे मूठभर, आणि ते दोन्हीकडे सारखे वाटलेले.

रोमवाल्यांचे पाद्री नेमेसियो चॉकलेट प्यायला आले. कप अर्धा होईपर्यंत ते हवापाण्याचं बोलले.

"कोर्टानं चर्च परत दिलं, कापितान. पण आत आहे काय? वटवाघळं. बाकीच्या मूर्ती त्यांनी जाताना नेल्या."

"ऐकलं, पाद्रे. वाईट झालं."

"वाईट झालं हे मीही म्हणू शकतो. गुड फ्रायडेला तुमचा सान्तो कुणाच्या दारातून निघणार?"

"मोराल्देंच्या घरचा सान्तो नेहमी जिथून निघालाय तिथूनच निघणार."

"हे उत्तर तुम्ही वाख घालणाऱ्याला द्या. मला नीट सांगा."

"तुमच्या चर्चमधून," ताकियो म्हणाला.

त्याच आठवड्यात वखारीत ब्रिसियोनं त्याला गाठलं. ब्रिसियो वखारीतल्या गाठी बांधायच्या दाबयंत्राचा मुकादम. ताकियोबरोबर सुरीखाली वाख ओढत वाढलेला. नव्या चर्चचा गावातला कणा तोच. शिवाय आसेलाचा धर्मपिता.

"त्यांच्याकडे दगडी भिंती आहेत, घंटा आहे, रोम आहे," ब्रिसियो म्हणाला. "आमच्याकडे झावळ्या आहेत आणि तू आहेस."

"मग अजून काय पाहिजे?"

"थट्टा नको करू, कोम्पाद्रे. पोरीला मी हातावर घेऊन पाण्याखाली धरलंय. तिचे केस तू त्यांच्या हवाली करणार?"

"कोण म्हणालं?"

"कुणी नाही. तू काय म्हणतोस ते ऐकायला आलोय."

"सान्तो तुमच्याकडे येईल."

"पेलायसमोर म्हणशील?"

"पेलायला मी सांगतो," ताकियो म्हणाला, आणि त्यानं ब्रिसियोला जेवायला थांबवून घेतलं.

आपण खोटं बोललो असं त्याला वाटलं नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. दोघांनाही काहीतरी द्यायचं, मग पुढे बघू, ही त्याची आयुष्यभराची रीत. फक्त वाखाच्या गाठी दोन असतात आणि सान्तो एक होता, एवढा फरक त्याच्या ध्यानात उशिरा आला. मतं दोन्हीकडून पडली. आणि त्या दिवशी, बँड वाजून गेल्यावर, तो जिना चढून वर गेला.

"खाली सगळे तुझी वाट बघत होते," तो म्हणाला.

"कोणते सगळे? झावळ्यांचे का दगडाचे?"

तो पेटीच्या पलीकडे खुर्ची ओढून बसला.

"सान्तो माझ्या आजोबांचा," पेलाय म्हणाली. "केस माझ्या पोरीचे. यात तुझं काय आहे ते सांग, म्हणजे तेवढं तू वाट."

"भांडण मिटावं म्हणून बोललो गं. मी काढतो यातून मार्ग."

"तू मार्ग काढतोस तेव्हाच मला भीती वाटते."

मार्ग त्याला आगबोटीत सापडला, मनिलाला जाताना. दुसरा सान्तो करून घ्यायचा. हुबेहूब. आणि नाताळात घरी आला तेव्हा बायकोला म्हणाला की सान्तोच्या पावलाला भुंगा लागलाय, मनिलाला नेऊन दुरुस्त करायला हवा. भुंगा खरंच लागला होता, अंगठ्यापाशी पिठासारखी भुकटी पडत होती. खऱ्याच्या पाठीवर खोटं लादायची त्याला सवय होती.

पेलायनं भुकटी बोटावर घेऊन पाहिली.

"ने. पण केस उतरवून माझ्याकडे ठेवून जा."

"ते उतरवायचे नसतात असे. केसांची टोपी खिळ्यांनी बसवलेली आहे. कारागिराशिवाय हात लावला तर कवटीला चीर जाईल."

"मग त्याला सांग, केसांना हात लावायचा नाही. पाय कर, अंग कर, रंग दे. केस नाही."

"सांगतो."

"असं नाही. माझ्याकडे बघून कबूल कर."

त्यानं तिच्याकडे बघून कबूल केलं. पेलायनं स्वतःच्या लग्नातली शाल सान्तोच्या डोक्याला गुंडाळली, मानेपाशी गाठ मारली, आणि मग खोका बंद करू दिला.

मनिलात विधानसभा भरायची ती एका नाटकगृहात. तिथे मोठमोठे वकील बसलेले. त्यांचं स्पॅनिश तोंडातून तुपासारखं यायचं. ताकियोला स्पॅनिश येत होतं ते वखारीचं: भाव, वजन, ओलावा, बोट. कायद्याचं स्पॅनिश सुरू झालं की तो खुर्चीत एका खांद्यावर कलंडून बसायचा. मत मागायला जो आधी यायचा त्याला हो म्हणायचा, आणि नंतर येणाऱ्याला पुढच्या वेळी म्हणायचा. आपल्या किनाऱ्यावरच्या धक्क्याबद्दल तो एकदा बोलायला उठला. शब्द संपले म्हणून मध्येच थांबला आणि "एवढंच" म्हणून खाली बसला. पहिल्या रांगेतला एक तरुण वकील हसला. त्या संध्याकाळी ताकियो कारागिराकडे गेला तो असा, मान खाली घालून.

कारागिराचं नाव ओनोफ्रे. मनिलाच्या किआपो भागात, मागच्या गल्लीत त्याचं दुकान. भिंतीला हात टांगलेले, एका टोपलीत काचेचे डोळे. नवा ख्रिस्त जुन्याशेजारी निजवलेला होता. दोघांना एकच रंग, एकच जखमा. ताकियोला हसू आलं इतके सारखे. नव्याचं डोकं तेवढं उघडं होतं.

"केसांचं काय करायचं?" ओनोफ्रेनं विचारलं.

"जुने केस जुन्याला राहतील. बायकोला कबूल केलंय."

"मग कशाला एवढा खटाटोप केलात? जुन्या केसांचा रंग उतरलाय, अत्तरानं राठ झालेत, आत कसर आहे. आंधळी म्हातारीसुद्धा हात लावून सांगेल जुना कोणता ते."

ताकियोची नजर पेलायच्या शालीकडे गेली. कारागिरानं गाठ सोडून ती नीट घडी करून बाजूला ठेवली होती.

"गावात मला शपथ घ्यायला लावतील," तो म्हणाला. "दोन्हीकडचे. जुना कुणाला दिला म्हणून विचारतील, बायबलवर हात ठेवायला लावतील. खोटी शपथ मी आजवर घेतलेली नाही."

"मग?"

"मग कुणालाच ओळखू येता कामा नये. मलासुद्धा."

"म्हणजे केसही सारखे करू? पांढऱ्या बटेसकट?"

बाहेर घोडागाडी उभी होती, गाडीवाला ओरडत होता. ताकियोनं हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा," म्हणाला आणि बाहेर पडला. पेलाय ओळखेलच, असं त्यानं गाडीत स्वतःला समजावलं. आईच्या बोटांना कळेल, ती गप्प राहील, आणि सगळं जागच्या जागी बसेल. मुळात कबूल काय केलं होतं, तो विचार त्यानं गाडीतच सोडला.

पवित्र आठवड्यात दोन खोके बोटीतून उतरले आणि रेड्यांच्या गाड्यांवरून घरी आले. दोन बघून पेलायनं विचारलं नाही; ताकियोनं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"मेलेल्या ख्रिस्ताला जुळा भाऊ," ती म्हणाली. "हे आजवर कुणाला सुचलं नव्हतं."

"गावात रक्त सांडायचं वाचेल, पेलाय."

"आसेलाचा कोणता?"

"तुझ्या हाताला कळेल. कुणाला सांगू नकोस, म्हणजे झालं."

गुड फ्रायडेच्या सकाळी तिनं दार लावून घेतलं. आत दोन टेबलांवर दोन ख्रिस्त. खाली अंगणात एका बाजूला पाद्री नेमेसियो आणि त्यांची माणसं, दुसऱ्या बाजूला ब्रिसियो आणि त्याची, मध्ये कोंबड्या. दोन्हीकडच्या बायका काळ्या कपड्यांत, एकमेकींकडे पाठ करून. ताकियो दाराबाहेर उभा राहिला. आतून पाणी ओतल्याचा आवाज आला, मग फणीचा. फणीचा आवाज लगेच थांबला. थोड्या वेळानं पुन्हा आला, दुसऱ्या टेबलाकडून, आणि पुन्हा थांबला.

दार उघडलं. पेलायचे हात कोपरापर्यंत ओले होते. फणी तशीच हातात.

"कोणता?" त्यानं हळूच विचारलं.

"कोणताच नाही."

"नीट बघ. रंग दिलाय, धुतलाय, म्हणून..."

"ताकियो, मी त्या केसांच्या उवा काढल्यात. मला केस शिकवू नकोस. हे कुठल्यातरी बायांचे केस आहेत, तेल लावून सरळ केलेले. दोन्ही. आणि कानशिलावर पांढरं काहीतरी शिवलंय ते घोड्याच्या शेपटीचं असेल." ती दारातून बाजूला झाली. "माझे कुठे गेले?"

ते त्यानं कारागिराला विचारलंच नव्हतं.

"जा," पेलाय म्हणाली. "लोक थांबलेत. एकेकाला एकेक दे."

खाली शपथ झालीच. बायबल पाद्री नेमेसियोंनी आणलं होतं. ब्रिसियो म्हणाला, पुस्तक तेच असलं तरी हरकत नाही. ताकियोनं हात ठेवला आणि यातला जुना कोणता ते मला माहीत नाही असं सांगितलं. एक अक्षर खोटं नव्हतं.

"म्हणजे एकाकडे ख्रिस्त जाणार आणि एकाकडे ओंडका," पाद्री म्हणाले.

"आणि ओंडका कुणाकडे ते देवालाच माहीत," ब्रिसियो म्हणाला. "वा, कोम्पाद्रे. खासा कायदा केलास."

पण घेतला दोघांनीही. न घ्यावा तर दुसरा दोन्ही नेणार.

संध्याकाळी दोन मिरवणुका निघाल्या. मोठ्या रस्त्यानं घंटेवाल्यांची, ओढ्याच्या रस्त्यानं झावळीवाल्यांची. लोकांनी काय केलं? एका मिरवणुकीत रुमाल लावला, मग शेतातून आडवे धावत जाऊन दुसरीत लावला. उगाच जोखीम कशाला. त्या धावपळीत रोमवाले झावळीवाल्यांना भेटले, आडवाटेवर एकमेकांना रस्ता देऊ लागले, आणि ईस्टरपर्यंत काही घरांमध्ये बोलणंही सुरू झालं. मारामारी झाली नाही. लोक म्हणाले, कापितानसारखा माणूस नाही. पुढच्या निवडणुकीत त्याच्याविरुद्ध कुणी उभंच राहिलं नाही.

घरात मात्र पेलायनं काचेची पेटी पुसून रिकामी ठेवली आणि आपलं अंथरूण वखारीवरच्या खोलीत नेलं. ती बोलायची, मीठ संपलंय, पाहुणे आलेत, तुझा सदरा फाटलाय. भांडली असती तर त्यानं काहीतरी कबूल करून ते मिटवलं असतं. तिनं त्याला ती संधी दिली नाही.

पुढच्या अधिवेशनाला मनिलात पोहोचल्यावर तो आधी ओनोफ्रेकडे गेला, मग विधानसभेत.

"जुने केस?" ओनोफ्रेनं हातातली छिन्नी खाली ठेवली. "ते जाळले, कापितान. कसर दुकानभर झाली असती. अंगणात जाळले, वास सुटला म्हणून शेजारीण भांडायला आली होती. का?"

ताकियो एका अर्धवट कोरलेल्या ओंडक्यावर बसला.

"सगळे?"

"काळे सगळे. नवे काळे मी विकत आणले, ते कुठेही मिळतात. अडलं ते पांढऱ्याचं. म्हाताऱ्यांचे केस पिवळट असतात, लहान पोराच्या केसासारखे मऊ पांढरे कुठून आणू? शेवटी तुमचीच बट घेतली, राखेच्या पाण्यात धुतली, मधून दोन केली. अर्धी याला शिवली, अर्धी त्याला. बारीक झाली जरा, पण सारखी झाली की नाही?"

"झाली," ताकियो म्हणाला.

त्यानं अधिवेशन सोडलं आणि परतीच्या पहिल्या बोटीत बसला. घरी आला तेव्हा पेलाय मागच्या पडवीत पिली नावाच्या झाडाच्या कठीण बिया फोडत बसली होती. कोयत्याची धार बीवर ठेवायची, एक ठोका, बी उभी चिरायची, गर टोपलीत. तो समोर पायरीवर बसला.

"आसेलाची बट आहे," तो म्हणाला. "कारागिराला भेटून आलो. बाकीचे केस गेले. पण पांढरी बट तिचीच आहे. तू नीट पाहिली नाहीस."

पेलायचा हात थांबला. क्षणभर तिचा चेहरा असा झाला की ताकियोला वाटलं, आता ती उठेल, चप्पल घालेल.

"कुणावर आहे?" तिनं विचारलं. "दगडाच्या का झावळीच्या?"

"दोन्हीवर. त्यानं मधून दोन केली. अर्धी इकडे, अर्धी तिकडे."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं मान हलवली, एखाद्या मुलाची थाप पकडल्यावर हलवावी तशी, आणि पुढची बी कोयत्याखाली घेतली.

"खरंच सांगतोय, पेलाय."

"तुझं उत्तर दुसरं काय असणार होतं?" ती म्हणाली. "अर्धं इकडे आणि अर्धं तिकडे. माझी पोरसुद्धा बसवलीस त्यात."

"चल माझ्याबरोबर. हात लावून बघ. तुला लगेच कळेल."

"एकदा हात लावून बघितलंय." ठोका पडला, बी चिरली. "मला मत नसतं, ताकियो. माझ्यापुढे कशाला बोलतोस?"

त्यानं मग दुसरा उपाय केला. बटेचे चार केस तरी आणून तिच्या हातात द्यावेत म्हणून तो आधी दगडी चर्चमध्ये गेला. पाद्री नेमेसियोंनी हसून नाही म्हटलं. मूर्तीच्या डोक्याला मोराल्देंनी पुन्हा हात लावावा हे त्यांना नको होतं. मग तो ओढ्याकाठी गेला. ब्रिसियोनं सगळं ऐकून घेतलं. खरं का खोटं ते त्यानंही विचारलं नाही.

"आमच्याकडची बट तू कापून नेलीस की उद्या लोक म्हणणार, आमचाच खरा होता म्हणून नेली. मग ते दगडवाले गप्प बसतील? तूच बसवलेली घडी आहे ही, कोम्पाद्रे. मोडू नकोस. जेवून जा."

ताकियो जेवून गेला.

त्यानंतर तो कितीतरी वर्षं जगला, आणि एक सोडला तर सगळे गुड फ्रायडे दारासानमध्येच होता. मोठ्या रस्त्यावरच्या गाड्याला उतरलेला खांदा लावून थोडा वेळ ओढायचा, वर वाकून सान्तोच्या डाव्या कानशिलाला रुमाल लावायचा; मग धापा टाकत शेतातून ओढ्याकडे जायचा आणि तोच रुमाल तिकडच्याला लावायचा. म्हातारा झाल्यावर काठी टेकत जायचा. बघणारे एकमेकांना कोपरानं ढोसायचे. निवडणूक नसली तरी सवय जात नाही, म्हणायचे, दोन्हीकडचे खूश.

मिरवणुका गेल्यावर तो घरी यायचा. पेलायच्या खोलीची खिडकी दिवसभर बंद असायची, ती संध्याकाळी उघडलेली असायची. तो रुमाल तिच्यासमोर टेबलावर ठेवायचा, अत्तराचा वास येणारा, मेणाचे डाग पडलेला. पेलाय तो उचलायची, बघायची, आणि धुण्याच्या टोपलीत टाकायची.